पावसात पाट्यांवर चालणारी लोखंडाची कचेरी

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ऐकू येईनासं होऊन तीनेक वर्षं झाली. कानाचं मशीन आणलं, ते कपाटात सुखाने नांदतंय. लिहून दाखवायला गेलं की "मी काय मुका हाय?" म्हणून कागद बाजूला सारतात. शेवटी त्यांनी स्वतःच सोपा उपाय काढला. कुणी काही विचारलं की हसून मान डोलवायची आणि "व्हय" म्हणायचं. जेवलात का? व्हय. जेवायचंय का? तरी व्हय. घरात सगळे हसायचे, पण मला आता ते सोसेना. एवढा गप्पिष्ट माणूस आमच्या डोळ्यांदेखत एकटा पडत चालला होता, आणि त्याला माणसांत परत कसं आणायचं ते मला कळत नव्हतं.

अशात बेळगावच्या चुलतभावाने कळवलं की स्टेशनजवळची जुनी 'लोखंडाची कचेरी' दिवाळीनंतर पाडणार आहेत. एका पोलाद कंपनीची ही विक्रीची कचेरी, इंग्रजांच्या काळातली. माझे आजोबा, सातेरी आप्पा, भाताची लावणी उरकली की जांबोटीहून बैलगाडी घेऊन यायचे आणि स्टेशनातून कचेरीत लोखंडी पत्रे वाहायचे. स्वातंत्र्याच्या आधी, अगदी लहान असताना, अण्णाही त्या गाडीवर बसून गेले होते. मी त्यांच्या कानाशी ओरडले, "लोखंडाची कचेरी बघायला जायचं?" या वेळचं 'व्हय' खरं असावं, कारण ते उठून चपला शोधायला लागले.

ऑगस्टमधल्या एका रविवारी सकाळी सातला कोल्हापूर सोडलं. जाणाऱ्यांसाठी सांगते: हायवेवर जागोजागी कामं चालू आहेत, तेव्हा दोन तासांचे तीन धरा. कोगनोळीच्या नाक्यावर सुट्टीच्या दिवशी रांग लागते. निपाणीत गावात शिरून उप्पीट आणि चहा घ्या, दोघांचं शंभराच्या आत भागतं. हॉटेलवाल्याने अण्णांना कन्नडमध्ये साखरेचं विचारलं, अण्णा 'व्हय' म्हणाले आणि साखर घातलेल्या चहात आणखी दोन चमचे पडले. तो चहा त्यांनी तोंड वाकडं न करता प्यायला. मला त्यांचा राग आला आणि रागाची लाजही वाटली.

कचेरी शोधायला कष्ट पडत नाहीत. कौलारू घरांच्या ओळीत ती एकटीच आपादमस्तक लोखंडी आहे. खांब, तुळया, खिडक्यांच्या चौकटी, जिना, सगळं कंपनीच्याच मालाचं, वर पन्हळी पत्रा. सध्या आत मंडपवाल्यांच्या खुर्च्या आणि पातेली ठेवलेली असतात. तिकीट वगैरे काही नाही, मागच्या घरात राहणाऱ्या पद्माक्कांना विचारायचं. पंचाहत्तरीच्या, निपाणीकडच्या जैन घरातल्या. त्यांचे सासरे या कचेरीत कारकून होते. इंग्रज गेले तेव्हा कंपनीने इथला कारभार गुंडाळला आणि इमारत सासऱ्यांनी घेतली.

पद्माक्कांनी खुर्च्या पुसून दिल्या आणि सांगायला बसल्या. कचेरी बांधायला मुंबईहून साहेब आला तो थंडीत. इथल्या गवंड्याने बजावलं होतं की पत्र्याखाली फळ्यांचं छत घाला. साहेब ऐकेना. गिऱ्हाइकाला आपला पत्रा आतूनही दिसला पाहिजे, हा त्याचा हट्ट. बेळगावचा पाऊस त्याने बघितलाच नव्हता. जूनमध्ये पत्रा असा वाजायला लागला की समोर बसलेल्या माणसाचं बोलणं ऐकू येईना. मग सासऱ्यांनी डझनभर दगडी पाट्या आणल्या, आणि पावसाळ्यात कचेरीचा व्यवहार पाटीवर सुरू झाला.

पण येणार कोण, तर गाडीवान, लोहार, खानापूरकडचे शेतकरी. अक्षरओळख कुणाला? सासरे आधी चित्र काढायचे, चाकाची लोखंडी धाव, नांगराचा फाळ, आणि खाली नाव लिहायचे. पाटीच्या एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड. दोन-तीन पावसाळ्यांत माणसं चित्राशिवाय वाचायला लागली.

"पुढं कंपनीनं छताच्या फळ्या धाडल्या की," पद्माक्का म्हणाल्या. "मामंजींनी त्येंची बाकं करून घेतली. म्हणायचे, छत घातलं तर लोक बोलाय लागतील, शिकायचं ऱ्हाईल."

शाळेची पायरी न चढलेले आमचे आप्पा रोज पेपर वाचायचे. ते कुठे शिकले हे मी कधी विचारलंच नव्हतं. अण्णांना हे ओरडून सांगावं म्हणून मी वळले, तेवढ्यात पाऊस कोसळला.

तो आवाज कसा सांगू? पद्माक्कांचे ओठ हलत होते, मला काही कळत नव्हतं. मी "काय?" म्हणून ओरडले, ते मलाही ऐकू आलं नाही. गोंधळून मी मान डोलवली आणि हसले. मग लक्षात आलं की मी अण्णांसारखीच हसतेय. अण्णा माझ्याकडे बघत होते. त्या खोलीत सावरलेले असे तेच एकटे होते.

पद्माक्कांनी भिंतीवर अजून टांगलेल्या जुन्या पाट्यांतल्या दोन काढल्या, फडक्याने पुसल्या आणि पेन्सिल शोधून एक पाटी अण्णांपुढे धरली. कागदासारखी तीही बाजूला सारतील म्हणून मी पुढे झाले. पण अण्णांनी ती घेतली आणि सावकाश लिहिलं, 'माझा बा हितंच शिकला. जांबोटीचा सातेरी.' पद्माक्कांनी उत्तर लिहिलं, अण्णांनी पुसून पुन्हा लिहिलं. पाऊस तासभर पडला. पत्रा कसा घुमायचा, बैल कसे बिचकायचे, आप्पा त्यांना पोत्याखाली कसं झाकायचे, सगळं पाटीवर येत होतं. तीन वर्षांत अण्णांना इतकं बोलताना मी पाहिलं नव्हतं. मला रडू आलं, आणि आवाज कुणाला जाणार नव्हता म्हणून मी रडून घेतलं.

येताना बाजारातून घरच्यांसाठी खव्याचा कुंदा घेतला. अण्णांनी निपाणीत गाडी थांबवायला लावून दगडी पाटी घेतली. पांढरा बोर्ड हलका पडतो असं दुकानदार समजावत होता, अण्णांनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

पाच वाजता घरी पोहोचलो. अण्णांनी मला बाहेरच्या ओट्यावर बोलावलं आणि पाटी मांडीवर घेतली. मग लिहिलं, 'आक्का जाताना मला काय म्हणाली? मी व्हय म्हणालो. काय कबूल केलं ते ठाऊक न्हाय.'

आक्का म्हणजे त्यांची मोठी बहीण, गेल्या वर्षी गेली. तेव्हा पलंगाच्या दुसऱ्या बाजूला मी होते, मला सगळं ऐकू येत होतं. आक्काने त्यांचा हात धरून काही विचारलं, अण्णांनी मान डोलवली, आणि ती निवांत झाली. अण्णांनी ऐकलं असेल असंच आम्ही धरून चाललो. वर्षभर हा माणूस न ऐकलेल्या शब्दाच्या ओझ्याखाली वावरत होता.

मी पाटी घेतली. अक्षर नीट यावं म्हणून हळू लिहिलं, 'आक्का म्हणाली, तुला ऐकू येईना झालंय, व्हय रं?'

अण्णांनी ते वाचलं, पुन्हा वाचलं. मग माझ्याकडे बघून, किती तरी दिवसांनी मोठ्याने म्हणाले, "मग मी बरोबरच बोललो की."