कौसल्याबाईंचा पेला

कौसल्याबाई कुठेही गेल्या तरी पर्समध्ये स्वतःचा पेला नेत. स्टीलचा, काठाशी जरा चेपलेला. लग्नात, बँकेत, शेजारणीकडे कुणी पाणी पुढे केलं की त्या पेला काढत, समोरच्या ग्लासातलं पाणी त्यात ओतून घेत आणि मगच पीत. "आदत है जी," एवढंच म्हणत.

त्या आदतीचं मूळ त्यांच्या लेकीला, लुंबिनीला ठाऊक होतं. नर्सची नोकरी लागली आणि आई नागपूरहून दिल्लीच्या हिंदूराव इस्पितळात आली, तेव्हा घरमालकिणीने तिच्यासाठी कान तुटलेला एक कप जिन्याखाली वेगळा ठेवला होता. आईने काही दिवस त्यातून चहा घेतला, मग बाजारात जाऊन हा पेला आणला. त्यानंतर परक्या घरचं भांडं तिने कधी ओठाला लावलं नाही. मेथी निवडता निवडता आईने हे लेकीला एकदाच सांगितलं होतं, मान वर न करता.

लुंबिनी आता नोएडाच्या एका स्टुडिओत लिहायची. परदेशातली एक कार्टून मालिका, मोठ्यांसाठीची, शिव्याबिव्या असलेली, हिंदीत आणायची होती. कुटुंब दिल्लीचं करायचं, विनोद इथले घालायचे. मूळ मालिकेतली मावशी सगळीकडे स्वतःची सॉसची बाटली घेऊन फिरायची.

"इथे सॉस नाही चालणार," मुख्य लेखक सुधन्वा म्हणाला. "कुछ देसी दो यार. तुमच्या घरात कुणी नमुना नाही?"

लुंबिनी नवी होती. तिचा एकही विनोद त्या टेबलावर अजून टिकला नव्हता. ती उठली आणि तिने करूनच दाखवलं: पर्सची चेन, पेल्यात मारलेली फुंकर, उंचावरून ओतलेलं पाणी, "आदत है जी." सगळी खोली हसून लोळली.

"पण तुझ्या घरी खरंच कुणी असं करतं का?" शेजारी बसलेल्या लेखिकेने, रेवतीने, डोळे पुसत विचारलं.

"आई. अगदी अशीच. स्वच्छतेचं वेड," लुंबिनी म्हणाली. कारण सांगायचं तर आपण कोण, तेही सांगावं लागलं असतं.

मालिका फार कुणी पाहिली नाही. सहा भागांत गुंडाळली. लुंबिनीला बरंच वाटलं. आई असलं काही बघत नाही, आता बघणारही नाही. पण त्यातली ती पेलेवाली मावशी, 'गिलासवाली आंटी', तेवढी छोट्या क्लिपांतून मोबाइलवर फिरत राहिली. पोलीस चौकीत पेला काढणारी, मयतीच्या घरी पेला काढणारी.

गाझियाबादच्या त्यांच्या सोसायटीत नेगी आंटींच्या नातवाचा वाढदिवस होता. पाण्याचा ट्रे आला. कौसल्याबाईंचा हात सवयीने पर्सकडे गेला आणि मुलं खिदळली.

"निकालो, निकालो कौसल्या जी," नेगी आंटी प्रेमाने म्हणाल्या. "हम तो वही देखने बैठे हैं! बेटी ने क्या लिखा है आप पर, वाह!"

आईने लुंबिनीकडे पाहिलं. रागाने नाही. ताप आलेल्या पेशंटकडे पाहावं, तसं. मग तिने चेन लावली, ट्रेमधला काचेचा ग्लास उचलला आणि तोंड लावून पाणी प्यायली. सगळं, शेवटच्या घोटापर्यंत.

बोलायची हीच वेळ होती. लुंबिनी केकच्या कागदी प्लेटकडे बघत बसली.

घरी येताच आईने पेला घासायला घेतला. वापरलेला नसताना.

"आई, मी कारण नव्हतं सांगितलं कुणाला," लुंबिनी दारातून म्हणाली. "खरंच. एका शब्दाने नाही."

"तेच तर," आई म्हणाली. नळ चालूच होता. "सांगून हसवलं असतंस, तर चाललं असतं मला."

तिने पेला पुसला आणि पर्समध्ये न ठेवता फडताळात चमचे ठेवलेले होते तिथे नेला. चमचे त्यात घातले. लुंबिनी दारातच उभी होती. तिला तहान लागली होती, पण पाणी मागायला तोंड उघडेना.