टोकाच्या नळावरची दहा मिनिटं

हरिचंद्राला बदलापूरजवळच्या खरवईत कुणी हरिचंद्र म्हणत नसे. जुनी माणसं त्याला 'कोपरा' म्हणत, कारण ऐन उमेदीत तो गावच्या कबड्डी संघात कोपऱ्यावर उभा राहायचा आणि चढाईला आलेल्याचा घोटा एकदा धरला की सोडायचा नाही. नव्या इमारतींतली माणसं त्याला 'चावीवाला' म्हणत. तो पालिकेच्या पाणीखात्यात होता. छातीएवढी लोखंडी चावी सायकलच्या दांड्याला बांधून तो फिरायचा, रस्त्यातली झाकणं उचलून चावी पिळायचा आणि कोणत्या आळीला किती वेळ पाणी सोडायचं ते ठरवायचा. कागदावर ठरवायचे साहेब, पण साहेब कल्याणला राहायचे आणि चावी हरिचंद्राकडे होती.

नोकरी पोटासाठी होती. जीव मात्र कबड्डीत होता. चाळिशीत गुडघ्याने दगा दिला तेव्हा त्याने शिट्टी गळ्यात अडकवली आणि पंच झाला. पण त्याचं खरं काम सामन्यांच्या आधीचं. भातकापणी आणि झोडणी उरकली की कुणाचं तरी शेत मागून घ्यायचं, धसकटं उपटायची, ढेकळं फोडायची, पाणी मारून चिखल करायचा, तो दहाबारा जणांनी पायांनी तुडवायचा, सुकत आला की धुम्मस मारून बसवायचा. मग सामन्यांपर्यंत रोज संध्याकाळी हलकं पाणी शिंपडायचं, म्हणजे धूळ उडत नाही आणि गडी आपटला तरी कातडं सोलत नाही. हरिचंद्राने बसवलेल्या मैदानावर अनवाणी चालून पाहावं, असं पंचक्रोशीतले खेळाडू म्हणत. तो हे ऐकून न ऐकल्यासारखं करायचा आणि घरी जाऊन बायकोला, ठमाबाईला, दोनदा सांगायचा.

अडचण एकच होती. शेतं विकली जात होती. यंदा ज्या शेतात सामने झाले, तिथे पुढच्या वर्षी पाया खणलेला असायचा. या मैदानाने जितके पत्ते बदलले तितके बदलापुरातल्या एखाद्या भाडेकरूनेही बदलले नसतील. सत्त्याऐंशी साली तर शेत मिळालं, पण शेजारची विहीर बिल्डरने बुजवलेली. चिखलापुरतं पाणी टँकरने आलं. रोजच्या शिंपणाचं काय?

तेव्हा हरिचंद्राने मार्ग काढला. डोंगराच्या पायथ्याशी ठाकरवाडी होती, तिला दुपारी चार ते पावणेपाच असं पंचेचाळीस मिनिटं पाणी असायचं. सामन्यांच्या आधीचे पंधरा दिवस त्याने वाडीची चावी दहा मिनिटं लवकर बंद केली आणि तेवढं पाणी शेताकडच्या फाट्याला वळवलं. पंचेचाळिसातली दहा. कुणाचा जीव जाणार होता? वाडीतून कधी तक्रार आली नाही. मग दर वर्षी तसंच होत गेलं, आणि दर वर्षी होणाऱ्या गोष्टीला माणूस चोरी म्हणत नाही, रिवाज म्हणतो.

चौऱ्याण्णव साल उजाडलं तेव्हा गावाजवळचं एकच शेत उरलं होतं आणि त्याचाही सौदा झाला होता. पुढच्या पौषात कबड्डी कुठे खेळायची, हा प्रश्न घेऊन दिनानाथ उभा राहिला. दिनानाथ पूर्वी चढाईचा गडी होता. हरिचंद्राने त्याचा घोटा कितीदा धरला असेल, त्याला गणती नव्हती. आता तो नगरसेवक झाला होता. त्याने पालिकेत मागणी केली की, राखीव म्हणून पडून असलेल्या जागेवर सार्वजनिक क्रीडासंकुल बांधावं: पक्कं मैदान, बंदिस्त सभागृह, बसायला गॅलरी. लगेच शहराचे दोन तट पडले. गटारं उघडी, रस्ते मातीचे, पाण्याची बोंब, आणि यांना गॅलरी पाहिजे, असं एका तटाचं म्हणणं. पोरांना खेळायला जागा नाही तर ती नाक्यावरच उभी राहणार, असं दुसऱ्याचं. खरं सांगायचं तर दोन्ही तट बरोबर होते, म्हणून तर भांडण मिटत नव्हतं. शेवटी पालिकेने शाळेच्या सभागृहात लोकांचं म्हणणं ऐकायची तारीख लावली. दिनानाथ हरिचंद्राकडे आला आणि म्हणाला की, पुढाऱ्यांचं कुणी ऐकत नाही, तुझं ऐकतील, तू बोल. हरिचंद्राने होकार दिला. मैदानासाठी झिजण्यात वीस वर्षं गेली होती, तिथे बोलायला काय जात होतं?

सुनावणीला दोन दिवस होते आणि यंदाच्या सामन्यांना आठ. शेवटच्या शेतात वळवलेलं पाणी मुरत होतं आणि चिखल तुडवायला माणसं हवी होती. दर वर्षी वाडीतले देऊ आणि वाळू हे दोघे ठाकर आणि त्यांचे सोबती येत आणि हरिचंद्र स्वतः जाऊन त्यांना बोलावणं करी. त्या दिवशी त्याने अर्धी रजा टाकली, खात्यातल्या, आपल्याच वयाच्या सोमाकडे चावी दिली, वाडीची वेळ नेहमीसारखी सांभाळ म्हणून सांगितलं आणि चढण चढला. नेहमीसारखी म्हणजे काय, हे सोमाला माहीत होतं.

वाळू रानात गेला होता. त्याची बायको नवसी नळावर होती, म्हणून हरिचंद्र तिथेच थांबला. चार वाजून गेले होते. हंडे रांगेत लागलेले, बाया बसलेल्या, आणि नळातून नुसती हवा सुसत होती. हरिचंद्राने घड्याळात पाहिलं. सव्वाचार झाले. त्याला वाटलं, सोमा विसरला. साडेचार झाले तेव्हा नळ दोनदा खोकला आणि करंगळीएवढी धार लागली. पहिला हंडा भरला. दुसरा गळ्यापर्यंत आला आणि धार बारीक होत होत तुटली.

घड्याळात चार वाजून पस्तीस मिनिटं झाली होती.

हरिचंद्र वीस वर्षं चावी पिळत होता. लांबच्या जोडणीत पाणी आधी अख्खी पाइपलाइन भरतं, मग टोकाला पोचतं, हे तो नव्या माणसांना शिकवायचा. पण पाणी सुटतं तेव्हा चावीवाला चावीशी असतो. सुटलेलं पाणी टोकाला कधी पोचतं, हे त्याने एकदाही टोकाला उभं राहून पाहिलं नव्हतं. त्याच्या लेखी ती पंचेचाळिसातली दहा मिनिटं होती. वाडीच्या लेखी ती पंधरातली दहा होती.

त्याने कसंबसं विचारलं की, रोज असंच होतं का? नवसी अर्ध्या हंड्यात हात घालून गाळ बघत होती. ती सहज म्हणाली, "नाय दादा. एरवी पाचसा हंडे भरतात. या दिसांत असंच. सामने आले का पानी जातं."

थंडी आली की पानं गळतात, असं सांगावं तशा आवाजात ती हे बोलली. तिला राग असता तर हरिचंद्राला बरं वाटलं असतं. बाया उठल्या आणि रिकामे हंडे घेऊन खालच्या ओढ्याकडे निघाल्या. मघाशी रांगेत उभी असलेली नवसीची लेक सरू, तेराचौदा वर्षांची, दोन हंडे घेऊन सगळ्यांच्या पुढे पळाली. तिची पावलं किती हलकी आणि वेगात पडतात, हे हरिचंद्राच्या पंचाच्या डोळ्याने तशातही टिपलं. बोलावणं द्यायचं राहूनच गेलं. तो घरी आला आणि ठमाबाईने वाढलेलं ताट तसंच सरकवून बसून राहिला. तिने खोदून विचारलं तेव्हा त्याने सगळं सांगितलं. ती ताट झाकत म्हणाली की, बोललात तर नोकरी जाईल आणि मैदानही जाईल. मग थोड्या वेळाने, नाही बोललात तर जेवण जाणार नाही, तेही खरं.

सुनावणीला सभागृह भरलं होतं. पाण्याबद्दल बोलायचं आहे असं कानावर आल्याने वाडीतल्या बायाही येऊन मागे भिंतीशी बसल्या होत्या. पहिल्यांदा बोलल्या त्या कुमुदिनीबाई. त्या नव्या वस्तीत राहणाऱ्या शिक्षिका, बोलणं नेमकं. त्या म्हणाल्या की खेळाला त्यांचा विरोध नाही, पण तिसऱ्या मजल्यावर रोज बादल्या चढवून त्या शाळेत येतात. आधी पाणी, मग संकुल. टाळ्या पडल्या. दिनानाथने लगेच हरिचंद्राचं नाव पुकारलं.

हरिचंद्र खाकी कपड्यांतच उभा राहिला. बोलण्याची सवय नव्हती, त्यामुळे त्याचं बोलणं आपोआप गावचं झालं.

"मना मैदान पायजे," तो म्हणाला. "खोटा कशाला बोलू? पन सात वर्सा मी वाडीचा पानी तोडून मैदानाला मारतंय. रोज दहा मिनटा. मना वाटायचा, दहाच तं हायेत. परवा टोकाला उभा रायलो तवा कलला, त्यांना मिलतात पंधरा. आधी त्यांचा पानी द्या. मैदानाचा मी तोंड उघडनार नाय."

दिनानाथने कपाळाला हात लावला; आपल्याच कोपऱ्याने आपलाच घोटा धरावा, तसं त्याचं झालं. विरोधी तटातला एकजण उठून म्हणाला की, झालं, मैदानवाल्यांनीच निकाल दिला, आता विषय बंद करा. अध्यक्ष कागद आवरू लागले.

तेवढ्यात मागे भिंतीशी नवसी उभी राहिली. तिला बोलायची परवानगी कुणी दिली नव्हती आणि नाकारावी असंही कुणाला सुचलं नाही. ती आधी हरिचंद्राकडे पाहून म्हणाली की, हे आम्हाला ठाऊक होतं, तू सांगितलंस ते बरं केलंस. मग अध्यक्षांकडे वळली.

"माजी सरू पळते," ती म्हणाली. "ज्याच्या शेतात पळते तो हाकलतो. शाळंच्या पटांगनात गेली, तिथं आता खोल्या बांदल्या. पानी काय, डोईवरनं आनता येतं. इतकी वर्सं आनलंच. मैदान डोईवरनं कसं आनू?"

ती खाली बसली. कुमुदिनीबाईंनी मान खाली घातली, आणि मग त्यांनीच पुन्हा उठून सुचवलं की, गॅलरी आणि सभागृह वगळा, नुसतं मैदान धरा आणि वाचेल तो निधी वाडीच्या पाइपलाइनला द्या. ही सूचना लिहून घेतली गेली.

लिहून घेणं वेगळं आणि होणं वेगळं. हरिचंद्राची एक वेतनवाढ बंद झाली आणि चावी काढून घेऊन त्याला दोन वर्षं कचेरीत फायली उचलायला बसवलं. त्याची त्याने कुठे तक्रार केली नाही. वाडीची जाड पाइपलाइन मंजूर झाली, अडली, पुन्हा मंजूर झाली. तोवर एक बदल मात्र सोमाने कुणाला न विचारता केला: वाडीची वेळ तो चावी फिरवल्यापासून मोजेना, टोकाला धार लागून वरून कुणी हात केला की तिथपासून मोजू लागला. चावी परत मिळाली तेव्हा हरिचंद्राने तोच नेम ठेवला.

मैदान झालं ते नव्याण्णवच्या पौषात. गॅलरी नाही, छप्पर नाही; एका बाजूला भिंत आणि शिंपायला एक नळ. सरूचं तोवर लग्न होऊन ती वांगणीकडे नांदायला गेली होती. उद्घाटनाला ती आईकडे आली आणि कडेवर मूल घेऊन आखलेल्या रेषेच्या बाहेर उभी राहिली. जिच्या पायांसाठी मैदान मागितलं, तिच्या पायांना ते मिळालं नाही. हरिचंद्राला तिच्याकडे बघवेना.

पाहुणे साडेचारला आले. हार घातले गेले, संघ रांगेत उभे राहिले, आणि वाऱ्याने मैदानावर धूळ उठली. दिनानाथ लगबगीने हरिचंद्राकडे आला आणि पाणी मारायला सांगू लागला. नवी पाइपलाइन टाकली जात होती, पण जोडली गेली नव्हती; मैदानाच्या नळाला पाणी द्यायचं तर वाडीचं तोडावं लागत होतं.

"वाडीचा चाललाय," हरिचंद्र म्हणाला. "थांबायला लागल."

"किती?"

"माझ्या हातात नाय."

दिनानाथने त्याच्याकडे पाहिलं, मग पाहुण्यांकडे, आणि काय वाटलं कुणास ठाऊक, तो मंडपात जाऊन खुर्चीवर बसला. पाहुण्यांनी रुमालाने तोंडं पुसली. एकाने कशासाठी थांबलोय म्हणून विचारलं आणि त्याला काय ते सांगण्यात आलं. खेळाडू मांडी घालून बसले. हरिचंद्र चावी धरून झाकणाशी उभा होता आणि वर चढणीकडे बघत होता. तिथे टोकाच्या नळाशी हंडे एकेक करून भरत होते, रांग हळूहळू कमी होत होती. वीस मिनिटं गेली. शेवटचा हंडा उचलून नवसीने हात वर केला, तेव्हा त्याने चावी फिरवली.