राणीचा झगा आणि टाचणीताई

आमच्या नाटकमंडळीचे कपडे शिवणाऱ्या बाईला सगळे टाचणीताई म्हणत. तोंडात कायम टाचण्या, त्यामुळे ती दातांच्या फटीतून बोलायची, आणि तेही टोचेल असंच. माझ्या चेहऱ्यावरचा रंग उतरून आता बरीच वर्षं झाली. पण रंगमंचावर मी राणी दिसले ती तिच्या हातांमुळे, हे सांगायचं राहून जायला नको.

माझी नि तिची मापं एकच. मी तालमीत अडकलेली, म्हणून माझा प्रत्येक पोशाख ती स्वतःच्या अंगावर चढवून आरशासमोर टाचायची. प्रयोगाच्या दिवशी मी तो घालायचे आणि तो मला चपखल बसायचा.

एका वर्षी मात्र नवे कपडे मला घट्ट होऊ लागले. आधी बाह्या, मग कंबर. राणीच्या झग्याचे हूक लावताना टाचणीताईनं चक्क गुडघा माझ्या पाठीला टेकवला.

"श्वास सोड."

"सोडला की."

"मग आता जेवण सोड. राणीला राज्य पुरेनासं झालंय."

मी मुकाट्यानं अर्धपोटी राहू लागले. ती मात्र माझ्यासमोर स्वतःचा डबा संपवायची, मग माझा उरलेला, मग नेपथ्याच्या सुताराची केळी.

"जातं कुठं एवढं?" सुतार विचारायचा.

"तुझ्या डोक्यात जात नाही, एवढं नक्की," ती म्हणायची, आणि ऐन थंडीत खिडकी सताड उघडायची.

पुढे एक जुनं नाटक पुन्हा लावायचं ठरलं. पेटीतून त्याचा जुना झगा निघाला. मी पोट आत ओढून तो चढवला, तर मलाच सैल. टाचणीताईनं घातला, तर खांद्यांवरून घसरून कोपरांशी आला. इतकी वर्षं आम्हा दोघींना सारखाच बसणारा झगा.

"म्हणजे फुगत कुणीच नव्हतं," सुतार हळूच म्हणाला. "ही वाळत होती."

तिनं उगाच सुई हातात घेतली. दोरा नेढ्याशी थरथरत राहिला. सुतार गेल्यावर ती म्हणाली, "हल्ली सकाळी नवराच सुया ओवून देतो गं. छाती धडधडते, झोप लागत नाही. कुणाला सांगू नकोस. हात गेला हे कळलं तर मला इथं कोण ठेवेल? मला येतं ते एवढंच."

मी तिला ओढतच डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी नाडी पाहिली, गळा चाचपला, रक्त तपासायला पाठवलं. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करत होती. खाल्लेलं अंगी लागण्याआधीच खर्ची पडत होतं. ऐकताना मला वाटलं, हिचं शरीर तिन्ही अंक पहिल्याच अंकात उरकतंय.

टाचणीताईनं एकच विचारलं, "हात थरथरायचे थांबतील?"

"थांबतील. गोळ्या देते, पण बरं वाटलं म्हणून मनानं गोळ्या सोडायच्या नाहीत. मधूनमधून रक्त तपासायचं. ताप आला, घसा दुखला, तर त्याच दिवशी यायचं."

परत येताना तिनं मला बजावलं, "तूही आता जेवायला लाग." मॅनेजरकाकांना तिनं स्वतःच सांगितलं. ते म्हणाले, "तू कापड बेत, आम्ही टाके घालतो." त्यानंतर आमचा खलनायक मिशा लावून स्वतःची बटणं शिवायचा आणि ती त्याला उसवायला लावायची. कुणी तिची खुर्ची खिडकीशी सरकवली, कुणी गोळीची आठवण केली. अशी माणसं मला लाभली.

काही महिन्यांनी तिच्या अंगावर टाचलेला नवा झगा माझ्यापुढे आला. हूक पुन्हा अडकले.

"श्वास सोड," ती म्हणाली.

मी वळून तिचं मनगट धरलं. "गोळ्या सोडल्यास का गं?"

तिनं तोंडातल्या टाचण्या काढल्या. "माझं वजन कधीच जागेवर आलं. हे तुझं आहे, राणीसाहेब. जेवायला लाग म्हटलं होतं, इतकं नव्हतं म्हटलं."

तिनं कमरेची शिवण उसवली. मग उजेडाकडे तोंड करून बसली आणि सुईत दोरा ओवला, पहिल्याच खेपेला.

मग मी श्वास सोडला.