आई तो गई

अलकनंदाबाई लालबर्र्याच्या शाळेत मास्तरीण होत्या आणि बालाघाटाहून रोज मोटारीनं ये-जा करायच्या. कितीतरी वर्षं तीच मोटार, तेच उतारू, पण बाईंनी कधी कुणाशी चार शब्द बोलून पाहिले नाहीत. वडील सरकारी नोकरीत नागपूरहून इकडं आले आणि इथंच वारले. मागे राहिल्या दोघीच, आई आणि लेक. शेजार सगळा हिंदी, आणि मोटारीतली मराठी ती 'मले-तुले'वाली. बाईंच्या कानाला ती सोसायची नाही.

मोटारीची रीत मात्र वेगळी. तिघांच्या बाकावर "या जी, बसा जी" म्हणत चौथा सामावून घ्यायचा. कुणाचं पोर कुणाच्याही मांडीवर झोपायचं. भाजी विकणारी रुख्माबाई रोज ओंजळ पुढं करायची, "बोरं खाता का जी बाई?" बाई खिडकीबाहेर बघत "नको" म्हणायच्या. अहो, हसून 'नको' म्हणायला काय बिघडतं? पण नाही! रुख्माबाईही तशीच चिवट, दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायची.

शिवाय त्या रस्त्यावर निरोप मोटारीनं जायचे. अरुंद पुलाशी समोरासमोरच्या गाड्या हळू झाल्या की ड्रायव्हर मान बाहेर काढून ओरडायचे, अमक्याला सांगा, तमक्याला सांगा. तारेआधी निरोप पोचायचा.

सदुसष्ट सालचा हिवाळा. शाळा सुटून बाई परत निघाल्या होत्या. पुलाशी समोरून प्रेमलालची गाडी आली. प्रेमलाल बाईंच्याच गल्लीतला, बोली पक्की हिंदी, पण बाईंच्या आईला सगळ्या गल्लीसारखा तोही 'आई'च म्हणायचा. बाईंना पाहून तो ओरडला,

"बाईजी! आई तो गई!"

पुढं आणखी काही बोलला, ते हॉर्नमध्ये बुडालं. गाडी निघून गेली.

आई गेली! मराठी घरात जितंजागतं माणूस 'जातं' कधी? ते उंबरठ्यावर 'येते हं' म्हणतं, 'जाऊन येते' म्हणतं. 'गेली' म्हटलं की संपलं सगळं. सकाळी जिनं हातात डबा दिला, शाल विसरू नकोस म्हणाली, ती आई गेली. बाईंनी असा हंबरडा फोडला की ड्रायव्हरनं दचकून ब्रेक मारला.

"काहून रडता जी बाई? काय झालं?"

"माझी आई गेली हो!"

रुख्माबाईनं टोपली दुसऱ्याच्या हाती दिली, बाईंच्या शेजारी घुसली आणि त्यांचं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं. "रडा माय, रडा. मी आहो न." त्या लुगड्याला मेथीचा वास येत होता. बाई त्यातच तोंड खुपसून रडल्या.

कंडक्टर शालिकराम उभा राहिला. "आता मधात कुठीच थांबाचं नाही. सिधी बालाघाट! ज्याले उतराचं आहे त्यानं आताच बोला."

कुणीच उतरलं नाही. थोड्या वेळानं कुणीतरी म्हणालं, "डोमाजी, तुमचं गाव गेलं ना!"

"जाऊ दे न बे," म्हातारे डोमाजी खेकसले. "गाव काय पळून जाते? बाईच्या घरी माणूस कोणी नाही. आपल्यालेच पाहा लागन."

बाईंना रडतारडता धक्का बसला. यांना आपल्या घरचं सारं ठाऊक! तेवढ्यात मागून वसंता नावाच्या सुताराचा दबका आवाज आला, "मी बांबू घेऊन येतो." बांबू, म्हणजे तिरडीचे! बाईंनी पुन्हा रुख्माबाईच्या खांद्यात तोंड खुपसलं.

घरी पोचले तर दाराला कुलूप! "दवाखान्यात नेलं असन," डोमाजी म्हणाले आणि त्या वयात तिकडं धावत सुटले. तिथं असं कुणी आणलंच नव्हतं. ते धापा टाकत परतले, तोवर वसंता बांबू नि सुतळी घेऊन हजर झाला होता. बाई ओट्यावर दगडासारख्या बसल्या होत्या.

इतक्यात गल्लीच्या तोंडाशी टांगा थांबला. त्यातून घुगऱ्यांचं गाठोडं सांभाळत आई उतरली! आपल्या दाराशी ही गर्दी, ते बांबू बघून ती जागच्या जागी थिजली.

"अगं बाई! कोण गेलं?"

बाई धावत गेल्या, आईच्या दोन्ही दंडांना धरून तिला गदागदा हलवलं. "तू गेलीस! तूच गेली होतीस!"

"लामत्याला गेले होते, विमलाबाईंच्या नातवाच्या बारशाला. प्रेमलालला सांगितलं होतं की, अलकाला म्हणावं संध्याकाळपर्यंत येते!"

"अव माय!" रुख्माबाईनं कपाळावर हात मारला. "त्या प्रेमलालच्या हिंदीले आग लागो!" आणि मग जो हशा पिकला! रडताहेत की हसताहेत, काही कळेना.

वसंता खाली मान घालून बांबू उचलायला लागला.

"आणि ही एवढी मंडळी कोण?" आईनं विचारलं.

"मोटारीतले आहोत जी," डोमाजी म्हणाले.

आई सगळ्यांच्या तोंडाकडं बघत राहिली. "मला घोर लागायचा हो," ती म्हणाली. "मी मेले तर या परक्या मुलखात माझी पोर चार खांदे आणील कुठून? रात्र रात्र डोळा लागायचा नाही. बाबा, ते बांबू परत नेऊ नकोस. परसात ठेव."

"जितं माणूस घरात असताना? अशुभ असते आई!" वसंता म्हणाला.

"असू दे. फक्त त्या दिवशी मला न्यायला तुम्हीच सगळे या."

बाई आईचा हात घट्ट धरून उभ्या होत्या.

"हौ आई, येऊ," डोमाजी म्हणाले. "पण तुमी घाई नोका करू."