खोकेवाल्या काकांचं किट

खोकेवाले काका बोलायला कमी, पण माप घ्यायला पक्के. पुठ्ठ्याची खोकी बनवण्याच्या कारखान्यात त्यांनी चौतीस वर्षं काढली. झुंबर असो की शिलाई मशीन, एकदा त्यांनी पट्टी लावली की खोकं असं बसायचं की आतली वस्तू तसूभर हलायची नाही.

त्यांची गाडी मात्र तीस वर्षांची होती आणि मुलीच्या घराच्या चढावर हटकून मान टाकायची. मग काकू खाली उतरून चालत निघायच्या आणि बहुतेक वेळा गाडीच्या आधी पोचायच्या. यंदा गुडघ्यांनी संप पुकारला, तेव्हा त्यांनी जाहीरच करून टाकलं.

"अहो, तुम्ही एकटेच जात जा. तो चढ आता मला नको."

काकांपुढे प्रश्न उभा राहिला. लेकीकडे एकटं जाऊन बोलायचं काय? तिथलं सगळं बोलणं काकूंचं असायचं, काकांकडे फक्त 'हो ना' एवढंच खातं होतं. दुसरी गाडी घ्यायची म्हटलं तर तेही त्यांच्या जिवावर यायचं. शेवटी त्यांनी गॅरेजमधल्या मेकॅनिकला गाऱ्हाणं सांगितलं.

"मग सुपरचार्जर बसवू," मेकॅनिक म्हणाला. "इंजिनच्याच पट्ट्यावर फिरतो आणि इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. गाडी जोर धरते. एक मोठं किट आहे, एक छोटं. तुमच्या इंजिनाच्या वयाला छोटंच बरं."

काका मान डोलावून घरी आले, पण जीव मोठ्यातच अडकला. छोटं कमी पडलं आणि काकूंना पुन्हा उतरावं लागलं, तर त्या उभ्या जन्मात गाडीत बसायच्या नाहीत. मेकॅनिकशी वाद घालण्याची तर त्यांची छाती नव्हती. मग त्यांनी येत होतं तेच केलं. किटच्या माहितीपत्रकातली मापं घेऊन दोन दिवसांत दोन्ही सुपरचार्जर पुठ्ठ्याचे बनवले, अगदी नळ्यांसकट, आणि काकूंना सोबत घेऊन गॅरेज गाठलं.

मोठा पुठ्ठा इंजिनावर टेकला. बॉनेट हलकेच मिटलं.

"बसलं!" काका एवढ्या जोरात म्हणाले की रस्त्यावरची दोन माणसं थांबली.

मेकॅनिकने बॉनेट उघडून पुठ्ठा तारेने इंजिनाला बांधला, पुन्हा मिटलं आणि म्हणाला, "काकू, जरा गाडी चालू करा. न्यूट्रलमध्येच राहू द्या आणि ॲक्सिलरेटर दाबा."

काकूंनी मागचापुढचा विचार न करता दाबला. आतून 'कर्रकच्' असा आवाज आला. उघडून बघतात तर पुठ्ठ्याचा एक कोपरा चेपून सपाट.

"काका, इंजिन खोक्यातल्या वस्तूसारखं गप्प पडून राहत नाही," मेकॅनिक हसला. "जोर लावला की कूस बदलतं. त्याला जागा सोडावी लागते."

काका कानापर्यंत लाल झाले. चौतीस वर्षं त्यांनी जागा न सोडण्याचाच पगार घेतला होता.

छोटा पुठ्ठा बांधला. काकूंनी पुन्हा दणकून दाबला, पण तो साबूत राहिला.

"पण चढ... चढेल ना?" काकांनी एकदाचं विचारलं.

"चढ चढेल. शर्यत जिंकणार नाही."

"आम्हाला कुठं शर्यत जिंकायचीय?" काकू खिडकीतून म्हणाल्या. "बसवा तो छोटा!"

पंधरा दिवसांनी दोघं चढाच्या पायथ्याशी आली. काकूंचा हात सवयीने दाराच्या कडीवर गेला. काकांनी ॲक्सिलरेटर दाबला. गाडीने बारीक शीळ घातली आणि निघाली. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. काकूंनी कडी सोडली. काकांनी पाय मात्र सोडला नाही. हा चढ चढताना ब्रेक लावायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती.

"अहो, थांबा! घर मागे राहिलं!"

तीन घरं पुढे जाऊन गाडी थांबली. मागून लेक चपला हातात घेऊन धावत येत होती.