उसना हुंकार

रझियाताईंना मी प्रथम पाहिले ते शिष्या म्हणून नव्हे, तर मुक्या झालेल्या आईची हतबल मुलगी म्हणून. आळेफाट्याजवळच्या अपघातात माझा धाकटा भाऊ गेला आणि आईने बोलणे सोडले. पाठोपाठ जेवणही सुटत चालले. आईही हातची जाते की काय, या धास्तीने मी तिला महाळुंगे पडवळहून जुन्नरला ताईंच्या मानसोपचार केंद्रात आणले.

ताईंनी औषधे लिहून दिली, ‘गोळ्या चुकवायच्या नाहीत’ असा दमही दिला. मग पडदा ओढून खोलीत सावली केली आणि हलक्या आवाजात एका विहिरीची गोष्ट सुरू केली. त्या विहिरीला भरदुपारी झोप लागली होती आणि तिच्या स्वप्नात तळाशी ढग चरत होते. ऐकता ऐकता माझेच डोळे जडावले. आपल्याकडे गोष्ट ऐकणाऱ्याने ‘हूं’ म्हणायचे असते. हुंकार थांबला की गोष्ट थांबते. आई गप्पच, म्हणून तिच्या वतीने मीच ‘हूं’ म्हटले.

ताई थांबल्या. “हा उसना हुंकार झाला गं. मला त्यांचा हवा.” माझे अतिशहाणपण मला नडले ते असे.

पुढच्या तीन खेपा गोष्ट तिथेच अडली. ताई तेवढीच सांगत, थांबत आणि आम्ही तिघी नुसत्या बसून राहायचो. मला मनातून रागच येई. माणूस उपाशी मरतंय आणि या ढग चारताहेत! त्यानंतरच्या खेपेस आईचे ओठ हलले.

“हूं,” ती म्हणाली. “पन तिला कुनी उठवू नका. उठली की समदं आठवंल तिला.”

“आठवू द्या,” ताई म्हणाल्या. “आम्ही बसलोय की इथं.”

आई भावाचे नाव घेऊन रडली. त्या संध्याकाळी तिने अर्धी भाकरी खाल्ली.

पुढे मी ताईंच्याच हाताखाली शिकले. त्यांनी कधी कुणाला गोष्टीचे तात्पर्य सांगितले नाही. त्यांच्या हातचा चहा मात्र कुणी दुसऱ्यांदा मागत नाही, हेही त्यांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवलेखात नोंदवून ठेवते.

या लेखासाठी आईला विचारले, ताईंसाठी काय मागू? मेथी निवडता निवडता ती म्हणाली, “लई वर्सं जगा म्हनावं. मी गेल्यावर ही एकटी पडंल, तवा हिच्यापाशी बसाया कुनी पायजे.”

म्हणून ताई, आपण ठणठणीत राहा, खूप खूप जगा. यात माझा स्वार्थ आहे.