आत्याची मोटार आणि खड्ड्यातला नळ

आत्याचा लातूरहून फोन आला तेव्हा मी नांदेडात भांडी घासत होते. "पान्याची मोटार जळाली माय. ये अन् दुकानातून वायंडिंग बांधून आण. शुक्रवारी नळ हाय." तिच्या गल्लीत नळाला पाणी आठवड्यातून एकदाच येतं. तिथल्याच कुणाकडून तरी दुकानात पाठव म्हटलं, तर म्हणाली, "परक्याच्या हातात द्यायची न्हाई. मामाची हाय." मामा म्हणजे आत्याचे यजमान. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. मग काय, गुरुवारी सकाळी पिशवी भरली आणि निघाले.

नांदेडहून लातूरला लोहा, अहमदपूर, चाकूरमार्गे एसटी सोयीची पडते. बायकांना अर्धं तिकीट आहे, फक्त खिडकी हवी असेल तर स्टँडवरूनच चढा. शेजारच्या बाईंनी नाव विचारायच्या आधी विचारलं, "लातूरला नळ किती दिवसाला?" आमच्या भागात ओळख अशीच होते. चाकूरला भजी खाल्ली. तेल जुनं होतं, पण मिरची झकास होती.

माझ्या सगळ्या उन्हाळ्याच्या सुट्ट्या आत्याकडे गेल्या. तेव्हा पाण्याला जोर इतका कमी असायचा की ते वर चढायचंच नाही. म्हणून प्रत्येकाने फाटकाशी खड्डा खणून नळ खाली उतरवलेला. बायका खड्ड्याच्या काठावर बसून तांब्यातांब्याने घागरी भरायच्या, आणि गल्लीतल्या सगळ्या बातम्या तिथंच कळायच्या. शेवटच्या घरातल्या महादेवीकाकू आणि आत्या मैत्रिणी झाल्या त्या तिथंच. मला ते दिवस अजून फार आवडतात.

मग मामांनी मोटार आणली आणि थेट नळाच्या लाइनला लावली. बटण दाबलं की गच्चीवरची टाकी भरायची. अख्खी गल्ली बघायला आली होती. पुढच्या महिन्यात शेजाऱ्यांनी घेतली, त्यांच्या शेजाऱ्यांनी त्याहून मोठी. पाणी तेवढंच, ओढणारे वाढले. खड्ड्यांवर फरशा पडल्या, आणि गप्पाही बंद झाल्या.

यंदा गल्लीतली फुटकी लाइन बदलली आणि सगळ्यांनी ठरवून मोटारी काढल्या. आत्याने तेवढी ठेवली. मी पोहोचले तेव्हा तिने मोटार जुन्या लुगड्यात गुंडाळून तयारच ठेवली होती. मी समजावू लागले, "अगं, धरणातून इथपर्यंत पाणी पंपाने येतं, पुन्हा पंपानेच टाकीवर चढतं. थेंब गळला की तेवढी वीज गेली. त्यात आपण घरोघर वीज जाळून तेच पाणी एकमेकांपासून ओढायचं?"

"तुझं शिक्षण राहू दे," आत्या म्हणाली. "ती चालू झाली की मला वाटतं, तुझे मामा घरात हायत." मी मोटार घेऊन दुकानात गेले. दुकानदार शनिवारी मिळेल म्हणाला. परत येताना गाड्यावर निलंगा राईस खाल्ला. लातूरला गेलात तर चुकवू नका.

संध्याकाळी महादेवीकाकू आल्या. घर भाड्याने देऊन मुरुडला लेकाकडे कायमच्या चालल्या होत्या. "का गं?" आत्याने विचारलं. "पाणी पुरंना. एकटीनं टँकरच्या मागं किती पळू?" त्या रात्री आत्याला जेवण गेलं नाही.

शुक्रवारी उजाडताच आम्ही दोघींनी फरशी सरकवली. खड्ड्यात जुना नळ तसाच होता. मी तोटी फिरवली, आधी नुसती हवा सुसाटली, आणि मग पाणी आलं. बारीक धार, पण न थांबणारी. आम्ही निम्म्या घागरी भरल्या असतील, तेवढ्यात महादेवीकाकू कडेवर भरलेली कळशी घेऊन फाटकात. लुगडं ओलं झालेलं.

"माझ्या नळाला पानी आलं आज. तुझी मोटार बंद हाय व्हय?"

"जळाली," आत्या म्हणाली. मग तिने काकूंच्या कळशीकडे पाहिलं. "इतके दिवस बोलली का न्हाईस महादेवी?"

"कसं बोलू? तुझ्या मालकाचा तेवढाच आवाज राहिला होता तुला."

आत्याने पदर तोंडाला लावला. मलाही रडू आवरलं नाही. पाणी भरायचं राहूनच गेलं, घागर भरून वाहत होती. काकूच ओरडल्या, "अगं तोटी बंद करा की!"

आत्याने तिथूनच मला दुकानात फोन लावायला लावला. बांधू नको, आहे तशी दे. "समोर असली की पुन्हा लावावी वाटंल, तूच ने," आत्या म्हणाली, म्हणून शनिवारी ती मोटार मांडीवर घेऊन मी नांदेडला परतले. कंडक्टर म्हणाला, "जळाली का? मग बांधून घ्या की."

"नाही बांधायची," म्हटलं. त्याने माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं आणि अर्धं तिकीट फाडलं.

आता मोटार माझ्या खिडकीत आहे. परवाच्या शुक्रवारी आत्याला फोन केला. मागे पाणी पडत होतं आणि कुणाचा नंबर आधी यावरून वाद चालला होता. "काय चाललंय?" विचारलं.

"पानी भरायलोय." मग तिने आवाज खाली आणला. "का गं, मामाला राग आला असंल का? त्यांची मोटार मी काढून टाकली."

मागून महादेवीकाकू म्हणाल्या, "काढली कुठं? मी जाऊ नये म्हणून त्यांनीच जाळली ती."